रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतरचं वर्ष : लिम्फोमातून सावरताना आलेल्या कोविडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ६१ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. २०२० च्या अखेरीस मानेत आणि काखेत न दुखणाऱ्या गाठी आल्या. बायोप्सीत फॉलिक्युलर लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा एक कॅन्सर) निघाला, ग्रेड १-२, तिसरी स्टेज. हा आजार संथ असतो आणि अनेकांना नुसतं देखरेखीखाली ठेवता येतं. पण यांच्या पोटातली गाठ सात सेंटिमीटरच्या वर गेलेली होती, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता.

जानेवारी ते जून २०२१ या काळात पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये बेंडामुस्टीन (केमोचं औषध) आणि रिटुक्सिमॅब (लिम्फोमाच्या पेशींना चिकटणारी, प्रयोगशाळेत बनवलेली अँटिबॉडी) यांच्या सहा सायकल, म्हणजे फेऱ्या, झाल्या. दर २८ दिवसांनी पहिल्या दिवशी रिटुक्सिमॅब (३७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर) आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशी बेंडामुस्टीन (९० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर). यातल्या दोन सायकल दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात पार पडल्या. जुलै अखेरच्या पेट-सीटीत (कॅन्सर शोधणाऱ्या स्कॅनमध्ये) रोग कुठेच दिसला नाही. घरच्यांनी पेढे वाटले, आणि ते योग्यच होतं.

घरात पाच माणसं. पती ६४ वर्षांचे, त्यांना मधुमेह. मुलगा एमआयडीसीत शिफ्टला जाणारा, सून आणि सहा वर्षांचा नातू. घर जुनं, तीन खोल्यांचं, संडास-बाथरूम एकच.

अडचण नेमकी काय होती

केमो संपल्यावर सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट येतो, त्यात पांढऱ्या पेशी ५,२०० दिसतात आणि सगळे समजतात की प्रतिकारशक्ती परत आली. सीबीसी प्रामुख्याने न्यूट्रोफिल सांगतो, म्हणजे जिवाणूंशी लढणारी पहिली फळी. रिटुक्सिमॅब मारतं ते बी-पेशींना. या पेशींवर सीडी२० नावाची खूण असते आणि औषध तिलाच चिकटतं. अँटिबॉडी तयार करणाऱ्या जुन्या प्लाझ्मा पेशींवर ही खूण नसते, म्हणून लहानपणच्या गोवरासारख्या आजारांविरुद्धचं संरक्षण बरंचसं टिकून राहतं. नव्या विषाणूविरुद्ध किंवा नव्या लशीला प्रतिसाद म्हणून अँटिबॉडी बनवायला मात्र बी-पेशीच लागतात. शेवटच्या डोसनंतर साधारण सहा ते नऊ महिन्यांनी त्या परतू लागतात. पूर्ववत व्हायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं.

त्यात बेंडामुस्टीनची भर. हे औषध टी-पेशींना (विषाणू आणि बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना), विशेषतः सीडी४ पेशींना, कित्येक महिने खाली ठेवतं. न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया आणि नागीण यांचा धोका त्यामुळेच राहतो. म्हणून सहाव्या सायकलनंतरही न्यूमोसिस्टिस टाळायला कोट्रायमॉक्सॅझोलची डबल स्ट्रेंथ गोळी आठवड्यातून तीन दिवस आणि नागीण टाळायला असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू होतं.

थोडक्यात, घड्याळ रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसपासून लावायचं होतं. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख ठळक कुठेच नव्हती.

पहिला निर्णय : मेंटेनन्स द्यायचं की थांबायचं

फॉलिक्युलर लिम्फोमात सुरुवातीच्या उपचारानंतर दर दोन महिन्यांनी एक, असं दोन वर्षं रिटुक्सिमॅब देण्याची पद्धत आहे, तिलाच मेंटेनन्स म्हणतात. तिचा मुख्य आधार प्रायमा ही चाचणी. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात मेंटेनन्स घेतलेल्यांपैकी सुमारे ५१ टक्के रुग्णांचा रोग उलटला किंवा वाढला नव्हता. न घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. एकूण जगण्यात मात्र फरक नव्हता, दोन्हीकडे सुमारे ८० टक्के. शिवाय त्या चाचणीत बेंडामुस्टीन दिलेले रुग्ण नव्हतेच.

महामारीआधी हा व्यवहार सोपा होता: रोग उशिरा उलटतो, किंमत थोड्या जास्त संसर्गांची. २०२१ मध्ये किंमत बदलली. प्रत्येक मेंटेनन्स डोस म्हणजे बी-पेशींचं परतणं आणखी पुढे आणि लस आणखी वाया. अनेक देशांतल्या रक्तविकारतज्ज्ञांनी या काळात मेंटेनन्स न देण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा सल्ला दिला होता.

इथे पर्याय तीन होते. नेहमीप्रमाणे बारा डोस. मेंटेनन्स अजिबात नाही. किंवा सहा-आठ महिने थांबून लस पूर्ण करायची आणि मग पुन्हा विचार. तिसऱ्यातला धोका असा की बी-पेशी परत येऊ लागतात तेव्हाच पुन्हा औषध द्यायचं, म्हणजे दोन्हीकडून अर्धवट.

घडलं ते वेगळंच. केमोच्या ठरलेल्या वेळापत्रकात मेंटेनन्सचा पहिला डोस आधीच नोंदवलेला होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रुग्ण तपासणीला आल्या आणि डोस लागला. चर्चा झाली ती त्यानंतर, पेट-सीटीचा रिपोर्ट सर्वांसमोर ठेवल्यावर. पुढचे डोस रद्द झाले. रोग गेलेला, वय साठीपार, घर भरलेलं, तिसरी लाट येणार हे सगळे म्हणत होते. निर्णय बरोबरच होता. पण घड्याळ जूनऐवजी ऑगस्टपासून सुरू झालं, आणि ते दोन महिने पुढे महागात पडले.

दुसरा निर्णय : लस कधी

साठीच्या वरच्यांना लस १ मार्च २०२१ पासून मिळू लागली. तेव्हा यांची तिसरी सायकल चालू होती. आधी घरच्यांना लस, हे तेव्हाच ठरलं. पतींचे कोविशील्डचे दोन्ही डोस मेपर्यंत झाले. मुलगा-सून अडकले: मे महिन्यात तुटवड्यामुळे राज्याने १८ ते ४४ गटाचं लसीकरण थांबवलं, ते जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. त्यांचा पहिला डोस जुलैत, दुसरा ऑक्टोबरात. नातवासाठी लसच नव्हती.

रुग्णाच्या स्वतःच्या लशीबद्दल दोन मतं होती. एक: शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतर सहा महिने थांबा, म्हणजे फेब्रुवारी २०२२, नाहीतर डोस फुकट जाईल. दुसरं: आत्ता द्या. अँटिबॉडी नाही तयार झाल्या तरी टी-पेशींचा थोडाफार प्रतिसाद मिळतो, आणि थांबलेल्या काळात लाट आली तर हातात काहीच नसेल.

दुसरं मत स्वीकारलं गेलं. गणपती उठल्यावर २० सप्टेंबरला पहिला डोस आणि ८४ दिवसांनी १३ डिसेंबरला दुसरा. इतरांना हे अंतर जाचक वाटत होतं; इथे त्याचा फायदाच होता, कारण दुसरा डोस रिटुक्सिमॅबपासून चार महिने लांब गेला. तरीही चार महिने पुरेसे नव्हते.

इतर अनेक देशांत अशा रुग्णांना मूळ वेळापत्रकातच तिसरा डोस दिला जात होता. आपल्याकडे त्याची वेगळी सोय नव्हती. जानेवारी २०२२ पासून सुरू झालेल्या प्रिकॉशन डोसला (बूस्टरला) दुसऱ्या डोसनंतर ३९ आठवड्यांची अट होती. को-विनवर तारीख सप्टेंबर २०२२ ची दिसे. त्यावर काही उपाय नव्हता.

मधल्या काळात निसटलेली गोळी

नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला एसटीचा संप राज्यभर पसरला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. पुण्याला जायचं तर भाड्याची गाडी. त्यामुळे नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या तपासण्या गावातल्या लॅबमध्ये झाल्या आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर गेले.

नोव्हेंबरच्या रिपोर्टात एकूण पांढऱ्या पेशी २,१००, न्यूट्रोफिल ३८ टक्के. गुणाकार करायचा: २,१०० × ०.३८ = ७९८. हा आकडा, म्हणजे एएनसी, १,००० च्या खाली असेल तर सावध राहायचं आणि ५०० च्या खाली ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. रिपोर्टावर एएनसी छापलेला नव्हता. तो अनेक लॅब छापत नाहीत, म्हणून घरच्यांना हा गुणाकार यायलाच हवा.

रिटुक्सिमॅबनंतर एक ते पाच महिन्यांत असा न्यूट्रोफिलचा उतार काही जणांत येतो. बहुतेकदा तो आपोआप भरून येतो. गावच्या डॉक्टरांनी मात्र कोट्रायमॉक्सॅझोलवर संशय घेऊन ती गोळी बंद केली. संशय अगदीच गैर नव्हता, ते औषध पेशी उतरवू शकतं. तीन आठवड्यांनी एएनसी १,९०० वर आला. गोळी पुन्हा सुरू करायची की नाही हे कुणी विचारलं नाही, आणि पुण्यातल्या टीमला ती बंद झाल्याचं कळलंच नाही. पर्याय होते: अटोवाक्वोनचं सस्पेंशन, किंवा जी६पीडी हे रक्तपेशींतलं एन्झाइम तपासून डॅप्सोन १०० मिलिग्रॅम रोज. दोन्ही गावात सहज मिळत नाहीत. पण विचारलं असतं तर पुण्याहून कुरिअर झालं असतं.

जानेवारी २०२२ : पहिला ताप

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मुलगा नाक गळत घरी आला. थंडी बाधली, असं सगळ्यांनी धरलं. दोन दिवसांनी रुग्णाला १००.८ फॅरनहाइट ताप, घसा खवखव, अंगदुखी.

पहिल्याच दिवशी घरी केलेली रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली. ही टेस्ट पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा. लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर अशा रुग्णात आरटी-पीसीआर करायलाच हवी. ती दुसऱ्या दिवशी केली आणि पॉझिटिव्ह आली, सीटी व्हॅल्यू १९ (हा आकडा जितका कमी, तितका विषाणू जास्त). ऑक्सिजन ९७. घरी सहा मिनिटं चालवून पाहिलं, ९६ च्या खाली गेला नाही.

गावात तेव्हाही एक ठरलेली 'कोविडची किट' मिळे आणि तिच्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असे. ती घेण्याआधी सुनेने डे-केअरच्या सिस्टरना फोन केला, हे या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं पाऊल. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांना झाला. ज्यांना लागत नव्हता त्यांना झाला नाही, उलट नुकसानाकडे कल दिसला. बी-पेशी नसलेल्या माणसात विषाणू जोरात वाढत असताना पहिल्याच दिवशी स्टेरॉइड देणं म्हणजे उरलेली टी-पेशींची फळीही मोडणं. शिवाय २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीने काय केलं ते महाराष्ट्राने पाहिलं होतं.

उपचाराचे पर्याय असे तोलले गेले:

- अँटिबॉडी कॉकटेल (कॅसिरिव्हिमॅब-इम्डेव्हिमॅब). २०२१ मध्ये भारतात आलं तेव्हा एका रुग्णाच्या डोसची किंमत ५९,७५० रुपये. डेल्टाच्या काळात अशा रुग्णासाठी हेच पहिलं औषध ठरलं असतं. ओमिक्रॉनवर ते चालत नाही. एका रुग्णालयाने तरीही देऊ केलं, नाकारलं गेलं.
- मोलनुपिराव्हिर. २८ डिसेंबर २०२१ ला आपत्कालीन मंजुरी मिळालेली. २०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. मेडिकलमध्ये मिळत होतं, पण परिणाम माफक. आणि ते काम करतं विषाणूत उत्परिवर्तनं वाढवून. ज्याच्या शरीरात विषाणू आठवडेच्या आठवडे राहू शकतो तिथे ही गोष्ट खटकते.
- रेमडेसिव्हिर, तीन दिवस. लक्षणांच्या पहिल्या सात दिवसांत, २००, १००, १०० मिलिग्रॅम. लस न घेतलेल्या जोखमीच्या रुग्णांत यामुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटल्याचं नुकतंच प्रसिद्ध झालं होतं.
- नुसती देखरेख. ओमिक्रॉन सौम्य आहे, हे वाक्य तेव्हा सगळीकडे ऐकू येत होतं. ते बऱ्याच अंशी लशीच्या आणि शाबूत बी-पेशींच्या जोरावर खरं होतं.

पॅक्सलोविड ही कोविडवरची विषाणूविरोधी गोळी तेव्हा भारतात मिळत नव्हती. तीन दिवसांचं रेमडेसिव्हिर ठरलं. लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या आधी झाल्या. साताऱ्यातल्या एका रुग्णालयाने तीन दिवस रोज तासभराचं सलाईन आणि नंतर तासभर देखरेख, अशी सोय केली. पाचव्या दिवशी ताप गेला.

फेब्रुवारी : ताप परत

घरचे सातव्या दिवशी नियमाप्रमाणे विलगीकरणातून बाहेर आले. रुग्णालाही त्याच मापाने 'बरं' धरलं गेलं. तो नियम शाबूत प्रतिकारशक्तीच्या लोकांसाठी होता.

तेविसाव्या दिवशी संध्याकाळी १०१. मग रोजच. खोकला कोरडा, जेवण तुटलं. घरच्यांनी चार दिवस पॅरासिटामॉल देऊन मग थर्मामीटर लावला, त्यामुळे तक्त्यात ताप १०० च्या आसपासच दिसत राहिला. आधी मोजायचं, मग गोळी. हा क्रम उलटला की तक्त्याला अर्थ राहत नाही. ऑक्सिजन ९३ आणि चालल्यावर ८८ झाला तेव्हा पुण्याला हलवलं.

एचआरसीटीत (छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) दोन्ही फुफ्फुसांत नवे धूसर पट्टे. यादी लांब होती: विषाणूच टिकून राहिला, न्यूमोसिस्टिस, क्षयरोग, जिवाणूंचा न्यूमोनिया, बुरशी, किंवा लिम्फोमाच. गोळी नोव्हेंबरपासून बंद आहे, हे इथे पहिल्यांदा कळलं, तेही पतींनी प्लास्टिकच्या पिशवीतून सगळी औषधं टेबलावर ओतल्यावर.

रक्तातले आकडे बोलके होते. आयजीजी, म्हणजे रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटिबॉडी, ३४२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर (सामान्य साधारण ७०० ते १,६००). सीडी१९ बी-पेशी शून्य. सीडी४ १६४. लशीचे दोन डोस आणि तीन आठवड्यांचा संसर्ग होऊनही स्पाइकविरुद्ध (कोरोना विषाणूवरच्या काटेरी प्रथिनाविरुद्ध) अँटिबॉडी नाहीत. हे रक्त इम्युनोग्लोब्युलिन (अनेक रक्तदात्यांच्या अँटिबॉडी एकत्र करून बनवलेलं औषध) देण्याआधी काढलं, हे महत्त्वाचं. नंतर काढलं असतं तर दात्यांच्या अँटिबॉडी मोजल्या गेल्या असत्या.

आरटी-पीसीआर पुन्हा पॉझिटिव्ह, सीटी व्हॅल्यू २१. 'मेलेले तुकडे आहेत, तीन महिने पॉझिटिव्ह येतंच' असं म्हणून हे सोडून देण्याचा मोह झाला. पण तुकड्यांची सीटी व्हॅल्यू बहुधा तिशीच्या वर असते. आणि रॅपिड टेस्टही पॉझिटिव्ह होती, म्हणजे जिवंत विषाणू भरपूर असण्याची शक्यता मोठी.

ब्राँकोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून फुफ्फुसातला द्रव काढणं) करायची की नाही यावर मतभेद झाले. ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णात ती जोखमीची, आणि खोलीतल्या कर्मचाऱ्यांनाही धोका. न करता सगळ्यांवर एकदम औषधं सुरू करणं हा दुसरा मार्ग. ऑक्सिजन दोन लिटरवर स्थिर होता म्हणून ती लगेच करायचं ठरलं; दोन दिवस थांबलो असतो तर कदाचित संधी गेली असती. अहवाल येईपर्यंत न्यूमोसिस्टिसच्या उपचाराच्या मात्रेत कोट्रायमॉक्सॅझोल (ट्रायमेथोप्रिमचे १५ मिलिग्रॅम प्रति किलो रोज) आणि एक अँटिबायोटिक चालू ठेवलं. न्यूमोसिस्टिस पीसीआर निगेटिव्ह, सीबीनॅट (क्षयरोगाची तपासणी) निगेटिव्ह, गॅलॅक्टोमॅनन (बुरशीची तपासणी) निगेटिव्ह. फुफ्फुसातल्या द्रवातही कोरोना विषाणू.

मग तीन गोष्टी केल्या. रेमडेसिव्हिर पुन्हा, या वेळी दहा दिवस. याला मोठ्या चाचणीचा आधार नव्हता, अशा रुग्णांच्या तुरळक नोंदींचा होता, आणि हे घरच्यांना तसंच सांगितलं. दुसरं, इम्युनोग्लोब्युलिन: वजन ५५ किलो, ०.४ ग्रॅम प्रति किलोने २२ ग्रॅम. बाटल्या पाच ग्रॅमच्या, म्हणून २०. सुरुवात अगदी हळू, दर १५ मिनिटांनी रक्तदाब आणि ताप पाहत. तिसरं म्हणजे न केलेली गोष्ट: ऑक्सिजन लागत असूनही स्टेरॉइड राखून ठेवलं. गरज चार लिटरच्या वर गेली तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम सुरू करायचं, अशी रेघ आधीच आखली होती. गरज तिथवर गेली नाही. बरे झालेल्यांच्या प्लाझ्माचाही विचार झाला. पण अँटिबॉडीचं प्रमाण तपासून दिलेला, ओमिक्रॉननंतरचा प्लाझ्मा मिळेना.

परिणाम

चौथ्या दिवशी ताप उतरला, आठव्या दिवशी ऑक्सिजन सुटला. दहाव्या दिवशी सीटी व्हॅल्यू २९. मार्चच्या मध्यात लागोपाठ दोन आरटी-पीसीआर निगेटिव्ह आल्या. तोवर रुग्णाला डे-केअरच्या हॉलमध्ये बसवलं नाही, कारण तिथे त्यांच्यासारखेच दहा-बारा जण खुर्च्यांवर असतात. इम्युनोग्लोब्युलिन मार्च आणि एप्रिलमध्ये आणखी दोनदा दिलं. कोट्रायमॉक्सॅझोल प्रतिबंधक मात्रेत सीडी४ २०० च्या वर जाईपर्यंत.

एक घोळ एप्रिलमध्ये झाला. नेहमीच्या तपासणीत हिपॅटायटिस बी ची कोअर अँटिबॉडी (हा संसर्ग कधीतरी झाल्याची खूण) पॉझिटिव्ह आली. रिटुक्सिमॅबच्या आधी ती निगेटिव्ह होती. घरी रडारड. ती इम्युनोग्लोब्युलिनमधून, दात्यांकडून आलेली होती; विषाणूचा डीएनए तपासून निगेटिव्ह निघाला आणि पाच महिन्यांनी अँटिबॉडीही गेली. इम्युनोग्लोब्युलिन चालू असताना कुठलीही अँटिबॉडी तपासणी वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं.

जुलै २०२२ मध्ये प्रिकॉशन डोसचं अंतर सहा महिन्यांवर आलं आणि त्याच महिन्यात तो घेतला, रिटुक्सिमॅबनंतर अकरा महिन्यांनी. तेव्हा बी-पेशी थोड्या का होईना दिसू लागल्या होत्या, आयजीजी ५९०. महिनाभराने अँटिबॉडी चांगल्या वाढल्या. वर्षअखेरच्या स्कॅनमध्ये लिम्फोमा नाही. जिने चढताना धाप थोडी राहिली आहे.

काय वेगळं करता आलं असतं

ऑगस्टचा तो एक डोस टाळता आला असता. वेळापत्रकात मेंटेनन्स आपोआप न येता पेट-सीटीनंतर नव्याने लिहावं लागेल, एवढा बदल पुरेसा होता. टाळला असता तर दुसऱ्या लशीच्या वेळी सहा महिने होत आले असते. तेवढ्याने संसर्ग टळला असता असं नाही. तो इतका लांबला नसता, ही शक्यता मोठी.

आयजीजी सप्टेंबरमध्येच तपासायला हवं होतं. ते कमी आहे म्हणून लगेच इम्युनोग्लोब्युलिन देत नाहीत, वारंवार किंवा गंभीर संसर्ग झाला तरच देतात, कारण ते महाग आणि तुटवड्याचं. पण आकडा माहीत असता तर जानेवारीत सातव्या दिवशी 'बरं झालं' असं कुणी धरलं नसतं. अशा रुग्णाची दहाव्या आणि विसाव्या दिवशी आरटी-पीसीआर करून सीटी व्हॅल्यू चढते का हे पाहणं शक्य होतं. खर्च काही शे रुपयांचा.

पहिल्यांदाच रेमडेसिव्हिर तीनऐवजी पाच किंवा दहा दिवस द्यायला हवं होतं का, यावर टीममध्ये आजही एकमत नाही.

गावच्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्या हाती जे कार्ड होतं त्यावर औषधांची नावं होती, कारणं नव्हती. आता त्या रुग्णालयाच्या कार्डावर चार ओळी वाढल्या आहेत: शेवटच्या रिटुक्सिमॅबची तारीख, कोणती गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत, कुठली गोळी बंद करण्याआधी फोन करायचा, आणि ताप १००.४ तासाभरात दोनदा किंवा १०१ एकदा आला तर गोळी न घेता कुठे जायचं. मराठीत, मोठ्या अक्षरांत.

यांचा लिम्फोमा कधीतरी उलटण्याची शक्यता आहे, या आजाराचा स्वभावच तसा. तेव्हा जी औषधं पुढे येतील त्यांतली बरीच पुन्हा सीडी२० वरच नेम धरतील. म्हणून न्यूमोकोकल लस, म्हणजे न्यूमोनियाच्या एका जिवाणूविरुद्धची (आधी संयुग्मित म्हणजे कॉन्जुगेट, मग आठ आठवड्यांनी त्या जिवाणूच्या २३ प्रकारांवरची) आणि दरवर्षीची फ्लूची लस आत्ताच, बी-पेशी हाताशी असताना, उरकली जात आहे. पुढच्या उपचाराची पहिली बाटली लागण्याआधी दोन ते चार आठवडे मिळाले तर उरलेल्या लशी तेव्हा.